सतरा तास वीस मिनिटं

बाबल, दहाव्या दिवशी मी जे बोलून बसलो ते तू ऐकलंस की नाही, मला ठाऊक नाही. कावळ्याने मात्र ऐकलं.

खाडीच्या काठावर पिंड मांडून आम्ही पाऊण तास उभे होतो. वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या टोकावर एक कावळा बसला होता. एकटाच. पिंडाकडे पाठ करून आमच्याकडे बघत. तुझे वडील, आमचे आबाकाका, खाली बसले होते. उभा जन्म समुद्रावर काढलेला तांडेल, पण त्या दिवशी त्यांना कुणीतरी हात धरून आणून बसवल्यासारखं दिसत होतं. एकेक जण पुढे होऊन तुला वचन देऊ लागला. तुझ्या धाकट्या भावाने आईबापांना सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळा हलला नाही. तुझ्या मामाने तुझ्या बहिणीचं लग्न थाटात लावून देण्याचं कबूल केलं. कावळ्याने होडीच्या फळीवर चोच पुसली. भटजींना आणखी एका ठिकाणी जायचं होतं, ते सारखे उन्हाकडे बघत होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बंदर कचेरीतला कारकून, तेव्हा कुठलंही अडलेलं काम माझ्याकडे सरकवायची आपल्या गावाला सवय. मी पुढे झालो. मनात काहीतरी शोभेसं जुळवलं होतं, ते साफ विसरलो आणि तोंडातून निघून गेलं, "बाबल, तुजे रवलेले तास मी पुरे करतलंय."

कावळा उठला, सरळ आला आणि पिंडाला शिवून गेला.

एरवी अशा वेळी लोक सुटकेचा श्वास टाकतात. तिथे कुणी श्वासच घेईना. कारण हे वचन कोण देतोय ते सगळ्यांना माहीत होतं. तांडेलांच्या घराण्यात जन्मून मला बोट लागते. पोरवयात आबाकाकांनी मला मचव्यावर नेलं होतं, आणि बंदर दिसेनासं व्हायच्या आतच मला परत आणून सोडावं लागलं होतं. म्हणून तर मला बंदर कचेरीत टाकलं, दुसऱ्यांच्या बोटींची नोंद करायला. आणि ह्या माणसाने तुझे सतरा तास वीस मिनिटं उडायचं मेलेल्या माणसाला कबूल केलं होतं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तुझी वहिनी दारातच उभी. पायांवर पाणी घालता घालता म्हणाली, "व्हाळाच्या साकवार पाय ठेवताना माजो हात धरतास. इमानात कोणाचो धरतलास?"

तुला सांगायला नको, पण हे आणखी चार जण वाचतील म्हणून तासांचं प्रकरण सांगून टाकतो. विमान चालवायचा परवाना मिळाला म्हणजे पोरगा मोठ्या विमानात जाऊन बसला, असं आम्हाला वाटलं होतं. आबाकाकांनी मचवा विकला आणि तुझा परवाना आला. गावाने तुझ्या गळ्यात हार घातला, मी भाषण केलं. मग कळलं की मोठ्या कंपनीला परवाना दाखवून भागत नाही, तिला हजार तासांचा अनुभव लागतो. तुझ्याकडे होते अडीचशे. नोकरी नाही तर विमान नाही, विमान नाही तर तास नाहीत, तास नाहीत तर नोकरी नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. तुझे अर्ज मीच लिहीत होतो, वळणदार अक्षरात, परवान्याचा उल्लेख अधोरेखित करून. उत्तर दर वेळी तेच यायचं, अनुभव अपुरा. एकदा तर मी तेच वाक्य आणखी नम्र शब्दांत लिहून तुला दाखवलं आणि म्हटलं, कंपनीपेक्षा माझा नकार बरा आहे. तू हसलास. तेव्हा अजून हसत होतास.

मग तू तास गोळा करायला निघालास. ओहोटीला बायका खाडीत वाकून तिसऱ्यांचे शिंपले वेचतात ना, तसा.

जुहूच्या विमान-क्लबात आधी तू रविवारी हौशी लोकांना वर नेऊन आणायचास. दहा मिनिटांची फेरी. एक मिठाईवाला शेट वर गेल्यावर डोळे मिटून बसला तो खाली आल्यावरही उघडेना, असं तू लिहिलं होतंस. पुढे आणखी एक परीक्षा देऊन नव्या मुलांना शिकवू लागलास. ती चुका करीत, तू सोबत जीव मुठीत धरून बसायचास, आणि दोघांच्याही नोंदपुस्तकात तास लिहिले जात. चार महिने एका मालवाहू कंपनीत दुसरा पायलट होतास. आसामकडे शेळ्या नेत होता तुम्ही. कंपनी बुडाली. शेळ्यांचा वास तुझ्या लोकरी कोटातून चतुर्थीपर्यंत गेला नव्हता, तुझ्या वहिनीने तो कोट तीन वेळा धुतला.

आणि निवडणुकीची पत्रकं. मालवणात अजून लोक ती गोष्ट सांगतात, पण चुकीची सांगतात, म्हणून मी इथे नीट लिहून ठेवतो. त्या हंगामात तू किनाऱ्यावर विमानातून पत्रकं टाकायचं काम घेतलंस. सोमवारी एका पक्षाची टाकलीस आणि गुरुवारी त्याच्याविरुद्धच्या पक्षाची. आबाकाका पहिल्या पक्षाचे कट्टर. गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या ओटीवर येऊन पान लावत बसले. मी भीत भीत म्हटलं, पोराचा इलाज नव्हता. ते म्हणाले, वाऱ्याला पक्ष नसतो, पोराने वाऱ्याचं काम धरलंय. दोन्ही दिवशी वारा उलटा होता आणि निम्मी पत्रकं समुद्रात गेली. दुसऱ्या दिवशी तारकर्लीला रापण ओढली तेव्हा जाळ्यात बांगडे कमी आणि उमेदवार जास्त निघाले.

पण सोमवारी तू आमच्या घरावरून दोन घिरट्या घातल्यास ते मला विसरता येत नाही. वहिनी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. ती वर बघेना. तू हायस्कुलात असताना पाच वर्षं आमच्याकडे राहिलास, तिच्या हातचं जेवलास, आणि परवाना घेऊन आलास त्या दिवशी तिला म्हणालास, "वयनी, पयलो फेरो तुजो." तिने तुला सांगितलं होतं, आधी कपडे वाळत घालायला दोरी बांधून दे. दोरी तू बांधलीस. फेरी राहिली. त्या सोमवारी दुसऱ्या घिरटीला तिने पदर सावरला आणि वर न बघताच हात हलवला. पत्रकांचा एक गठ्ठा आमसुलांवर पडला. ती आठवडाभर त्या उमेदवाराला शिव्या घालत होती. मत तिने त्यालाच दिलं असावं असा मला संशय आहे.

आता भांडणाकडे येतो. ते टाळता येणार नाही, आणि तुलाही मी ते टाळू देणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची चतुर्थी. आरती आटोपली होती, तू माजघरात बसून पुस्तकातल्या तासांची बेरीज करीत होतास. सातशेच्या आसपास आला होतास. मी कारकून माणूस, कागद बघितला की मला सुचतं. मी म्हटलं, बाबल, इथे मधे मधे जागा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या रविवारच्या फेऱ्या कोण मोजायला जातोय? दोनशे-अडीचशे तास आत बसवू. शाई जुनी दिसेल अशी करायची युक्ती मला ठाऊक आहे, आणि तुझं अक्षर मी तुझ्यापेक्षा बरं काढतो. वर हेही सांगितलं की सगळे हेच करतात. तुझ्याबरोबरचा तो एक, ज्याचे तास रातोरात वाढले, तो आज मोठ्या विमानात बसतो की नाही?

तू ओरडला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालास, "दादा, माज्या पाठी माणसां बसतली."

एवढंच. चहा न घेता उठलास. त्यानंतर तुझी पत्रं आबाकाकांच्या नावाने येऊ लागली. अर्ज तू स्वतः लिहू लागलास, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात.

मी चिडलो होतो, बाबल. अजूनही थोडा आहे. मोठ्या भावाने वाईट वाटून सुचवलेल्या गोष्टीवर चहा टाकून जायचं नसतं. आणि माझा मुद्दा अगदीच टाकाऊ होता असं मी तेव्हा मानत नव्हतो. एका वर्षापूर्वी मोठ्या विमानात बसला असतास तर विमानाने फवारणी करणाऱ्यांच्या त्या छावणीत गेला नसतास, तिथलं पाणी प्यायला नसतास, आणि कावीळ घेऊन घरी आला नसतास. हे मी कुणाजवळ बोललो नाही. आज तुझ्याजवळ बोलतो.

फवारणी तू शेवटी धरलीस. पहाटे वारा पडलेला असताना कापसावर औषध मारत जायचं, आठ मिनिटांत टाकी रिकामी, खाली उतरायचं, भरायची, पुन्हा वर. आबाकाकांना लिहिलेल्या पत्रात तू म्हटलं होतंस की विमान घराच्या कौलांइतकंच उंच असतं, त्यामुळे उडतोय असं न वाटता नांगरतोय असं वाटतं. ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, कारण त्यांच्या डोळ्यांत फूल पडलंय. पत्रात माझी चौकशी नव्हती. वाचताना मी आपली एक ओळ मधेच घातली, "दादाला नमस्कार." आबाकाका म्हणाले, हे त्याने लिहिलेलं नाही. डोळ्यांत फूल पडलेल्या तांडेलाला एवढं दिसतं.

आठ आठ मिनिटांनी तू नऊशे ब्याऐंशी तास चाळीस मिनिटांवर आलास, आणि मग एसटीने घरी आलास, पिवळा होऊन.

शेवटच्या आठवड्यात मी रोज तुझ्या उशाशी बसत होतो. बोलायचं ते सोडून भरती-ओहोटी आणि बाजारातल्या माशांविषयी बोलत होतो. एकदा तू पुस्तक मागवलंस आणि शेवटच्या पानाची बेरीज मला करायला दिलीस. मला. मी दोनदा करून पाहिली आणि तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हजाराला टेकलेच की रे. तू डोळे न उघडता विचारलंस, "टेकले म्हंजे किती, दादा?" मी आकडा सांगितला. तू मान हलवलीस. त्या वेळी माफी मागायला जागा होती. मी उठून खिडकी लावली. वाराही नव्हता.

म्हणून त्या कावळ्यापुढे ते वचन निघालं. आता तुला उलगडा झाला असेल.

तेराव्याला मुंबईहून आलेल्या आपल्या एका नातेवाइकाने जेवता जेवता हळहळ व्यक्त केली, की पोरगा अर्धवटच राहिला, आणि फवारणीचे तास म्हणजे तसं पाहिलं तर शेतीकामच. मी वाढत होतो. मी त्याच्या पानावरचा हात मागे घेतला आणि सांगितलं की माझ्या भावाच्या पुस्तकात एक मिनिट खोटं नाही, आणि ज्याला ते शेतीकाम वाटतं त्याने कौलांच्या उंचीवरून एकदा नांगरून दाखवावं. खीर त्याला मी वाढलीच नाही. तेराव्याच्या पंगतीत माणसाला खीर न वाढल्याची नोंद माझ्या नावावर झाली आहे. असू दे.

भटजींनी माझ्यावर दया करून तोड काढली. सोनाराकडून चांदीचं लहानसं विमान करून घ्या आणि खाडीत सोडा, वचनातून मोकळे व्हाल. खोटं कशाला बोलू, मी गेलो सोनाराकडे. त्याच्या ओटीवर बसलो. त्याने विचारलं, "पंख किती करू? दोन काय चार?" मी त्याला पाटीवर विमान काढून दाखवू लागलो, आणि निम्मं काढल्यावर हात थांबला. मी पुन्हा तेच करीत होतो. न उडता तास भरत होतो, ह्या वेळी चांदीत. आणि तुझा तो प्रश्न कानात आलाच, टेकले म्हंजे किती? पाटी पुसली आणि उठलो. सोनाराला वाटलं, मला घडणावळ जड झाली.

कार्तिकात आगबोटीने मुंबईला गेलो. बोट लागली ते वेगळं सांगत नाही.

जुहूच्या क्लबात तुला शिकवणारे ते थोरले पारशी गृहस्थ भेटले. मी सगळी हकीकत सांगितली, कावळ्यासकट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, "बाबा, माणूस गेला, त्याची बुक बंद झाली. आता त्याच्यात देव पण लिहू नाय शकते. आणि तुमी तर पॅसेंजर. पॅसेंजरचा तास कोणच्याच बुकमधे जात नाय."

मी म्हटलं, मला कंपनीला दाखवायचं नाही. मला कावळ्याला दाखवायचं आहे.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. इंजिन खोलून पुन्हा बसवलेलं एक विमान त्या सकाळी त्यांना स्वतः तपासायला वर न्यायचंच होतं. त्यात एक जागा होती. ज्या मेकॅनिकने इंजिन बसवलं तो स्वतः खाली राहणार होता, हे मला आवडलं नाही. पण माझ्या डोक्यावर कातडी टोपी आली, डोळ्यांवर चष्मा आला, खांद्यांवरून पट्टे आवळले गेले, आणि मेकॅनिकने मला तोंडात काही आहे का विचारलं. वहिनीने दिलेली आवळासुपारी होती. गिळून टाका म्हणाला. गिळली.

त्या उघड्या विमानात पाहुणा पुढे बसतो आणि चालवणारा त्याच्या पाठीमागे, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. जमीन सुटली तेव्हा मी वळून बघायचा प्रयत्न केला. पट्ट्यांनी वळू दिलं नाही. समोर नुसता पंखा आणि त्याच्यापुढे काहीच नाही. खाली माडांची डोकी, मग पांढरी रेघ, मग समुद्र, आणि त्यावर मासेमारीच्या होड्या, भाताच्या दाण्यांएवढ्या. विमान एका अंगावर कललं. पोटातलं सगळं दुसऱ्या अंगाला गेलं. आणि बाबल, त्या क्षणी मला कुठला देव आठवला नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: जो माणूस मला दिसत नाही, त्याच्या पुस्तकातले तास खरे आहेत ना? सगळे खरे आहेत ना? माझ्यासारख्या एखाद्या भावाने चतुर्थीच्या माजघरात बसून त्यात काही बसवलं नाही ना?

भांडण तू जिंकलास. वर, हवेत, पट्ट्यांत आवळलेला असताना मी ते कबूल केलं, मोठ्याने. वाऱ्यात मलाही ऐकू आलं नाही. तू ऐकलं असशील तर बरं, नसशील तर हे लेखी घे.

उतरल्यावर मी टोपी आणि चष्मा काढून मेकॅनिकला दिले. मी त्या गृहस्थांना, तुमचे तास किती, असं विचारलं. ते हसले नाहीत. आकडा सांगितला, आणि म्हणाले की तुमच्या भावाने दहा मिनिटांची अकरा मिनिटं कधी लिहिली नाहीत, क्लबातले आम्ही त्याला वेडा म्हणायचो. मी पिशवीतून चाळीस पानी वही काढली. पहिल्या पानावर तारीख आणि वेळ लिहिली आणि सही करा म्हटलं. त्यांनी घड्याळ पाहून वीस मिनिटं असं लिहिलं आणि खाली सही केली, खऱ्या पुस्तकात करावी तशी.

गावात आता हसतात. बंदरावर मला कॅप्टन म्हणून हाक मारतात. मी ओ देतो. ज्यांना वाटतं तू अपुरा गेलास, त्यांनी आपापली पुस्तकं आणून माझ्यासमोर उघडावीत. किती पानं खरी भरली आहेत ते बघू. तुझ्या नऊशे ब्याऐंशी तास चाळीस मिनिटांपुढे मी कुणाचीच बेरीज लावायला तयार नाही, माझी तर नाहीच. राहिलेले तास मी भरणार. वर्षाला एक फेरी मिळाली तर हिशेबाने मला आणखी एक्कावन्न वर्षं जगावं लागेल. बघू.

आबाकाकांना वही नेऊन दिली. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. तू लहान असताना ते तुला म्हणायचे, समुद्रात तास कोण मोजता, माणूस परत इलो काय झाला. ह्या वेळी त्यांनी विचारलं, "किती रवले?" मी म्हटलं, सतरा. त्यांनी वही मला परत दिली नाही. उशाखाली ठेवली.

हे सगळं मी तुझ्या वहिनीला घरी येऊन सांगितलं, पोटातल्या घडामोडींसकट. ती तू बांधलेल्या दोरीवरचे कपडे काढत होती. तिने शेवटच्या लुगड्याची घडी घातली. मग म्हणाली, "सतरा एकट्यान कित्याक करूचे? साडेआठ तुमचे, साडेआठ माजे. बाबल माजोय दीर होतो."